कागद नसलेला ट्रेलर आणि माझे ३,८२० पौंड

इंग्लंडमध्ये खिडक्या धुण्याचा राउंड, म्हणजे ठरलेल्या गिऱ्हाइकांची नियमित फेरी, सुरू करणाऱ्या प्रत्येकापुढे पाण्याची टाकी व्हॅनमध्ये बसवायची की ट्रेलरवर, हा प्रश्न येतोच. आणि या प्रश्नावर अडलेले गिऱ्हाईक जुन्या सामानाच्या बाजारातल्या भामट्यांना लांबून ओळखू येते. चोरीचा निघालेला ट्रेलर घेऊन माझे एकूण ३,८२० पौंड बुडाले. ट्रेलर आणि त्यावरच्या साहित्याचे ३,४००, त्यांतले २,५०० बँकेतून आणि ९०० रोख. शिवाय माझ्या कारला टो-बार, म्हणजे ट्रेलर जोडायचा दांडा, बसवून घेतला त्याचे ४२०.

ट्रेलरकडे वळलो त्याला कारण होते. बऱ्या स्थितीतली जुनी व्हॅन ६,५०० पौंडांच्या खाली मिळत नव्हती आणि टाकी बसवण्याचा खर्च निराळाच होता. उलट १६ डिसेंबर २०२१ पासून नियम सैल झाल्यामुळे, १९९७ नंतर कारचा परवाना काढलेल्यालाही वेगळी परीक्षा न देता मोठा ट्रेलरही ओढता येतो. विकणाऱ्याने ही तारीखसुद्धा मला तोंडपाठ म्हणून दाखवली. व्हॅन घेतलीत तर लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद), रोड टॅक्स आणि गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची दरवर्षीची एमओटी तपासणी मागे लागते, ट्रेलरला यातले काहीच नाही, पैसे द्या आणि जोडून न्या, असे तो म्हणाला. चीड याची येते की त्या वाक्यात खोटे काही नव्हते. अशा लहान ट्रेलरची नोंदणी इथे खरोखरच होत नाही, आणि चोरीचा माल विकणाऱ्याला नेमके तेच हवे असते. आपल्याकडे आरसी बुक पाहिल्याशिवाय कोणी जुनी स्कूटरही घेत नाही. इथे पाहायला कागदच नसतो आणि ती सोय म्हणून आपल्या गळ्यात मारली जाते.

मी डोळे झाकून पैसे मोजले, असे कोणी समजू नये. खिडक्या धुणाऱ्याने जे तपासायचे ते सगळे मी तपासले. पंप चालवून पाहिला, होजरील (पाइप गुंडाळायचे चाक) पूर्ण उलगडून पाहिले, काठीच्या ब्रशमधून आलेले पाणी क्षार मोजणाऱ्या मीटरने मोजले तर आकडा शून्य होता, म्हणजे काचेवर डाग न ठेवता वाळणारे शुद्ध पाणी. साहित्य उत्तम होते. ते दुसऱ्या कोणाचे तरी होते, एवढेच.

तो क्षण मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. वजनाची मर्यादा वाचण्यासाठी मी वाकलो, तेव्हा गंजलेल्या चौकटीवर निर्मात्याची पाटी कोरी करकरीत होती आणि तिचे चारही रिव्हेट कालच ठोकल्यासारखे चमकत होते. पुढच्या दांड्यावर, जिथे क्रमांक ठोकलेला असतो तिथेच, काळ्या रंगाचा जाड थर होता. अंगठा लावला तर किंचित चिकटला. मी विचारले. जुनी पाटी दुरुस्तीत तुटली आणि गंज धरू नये म्हणून रंग दिला, हे उत्तर त्याने क्षणाचाही विलंब न लावता दिले. भर पावसात, मागे दुसरे गिऱ्हाईक येणार असल्याचे दोनदा सांगितले गेले असताना, या उत्तरावर कोणीही विश्वास ठेवला असता, असे मला आजही वाटते.

चाकाचे बेअरिंग वाजू लागले म्हणून ट्रेलर दुरुस्तीला नेला. कारागिराने रंग खरवडला, खालचा क्रमांक निर्मात्याला फोनवरून कळवला आणि ट्रेलर चोरीचा निघाला. तेव्हा अशा ट्रेलरची पाटी नव्हे, चौकटीवरचा क्रमांक वाचा, आणि तो फोन पैसे देण्याआधी करा. त्याच कारागिराने आणखी एक हिशेब मांडला. ब्रेक नसलेला ट्रेलर भरून ७५० किलोंपेक्षा आणि आपल्या कारच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जड असून चालत नाही. माझी कार १,२२० किलोंची, म्हणजे मर्यादा ६१० किलो. ५०० लिटर पाण्याचेच ५०० किलो होतात आणि रिकामा ट्रेलर साहित्यासह २६० किलो होता. चोरीचा नसता तरी टाकी भरून तो मला कायद्याने ओढताच आला नसता, आणि विकणाऱ्याने माझी कार बघूनच ‘हिला हा अगदी झेपण्याजोगा आहे’ म्हटले होते.

पुढची टोलवाटोलवी फसवणुकीइतकीच संतापजनक आहे. पोलिसांनी ट्रेलर नेण्यात तत्परता दाखवली, पण माझ्या पैशांचे विचारताच तो फसवणुकीचा भाग असल्याने दुसरीकडे कळवा म्हणाले. तिथून तक्रारीचा क्रमांक आला आणि नंतर तपास होणार नसल्याचे पत्र आले. विक्रेत्याचा फोन नंबर, खाते क्रमांक, पावतीवरचे अक्षर, सगळे मी नीट लावून दिले होते. ते कोणी उघडून तरी पाहिले का, हे विचारायलाही माणूस मिळत नाही. बँकेने तर कमालच केली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून बँकेतून पाठवायला लावलेले पैसे परत करण्याचे बंधन बँकांवर आहे आणि त्यात छोटे व्यावसायिकही येतात. पण माल तुमच्या ताब्यात आला होता, म्हणून हा दोघांमधला दिवाणी वाद आहे, असे मला उत्तर मिळाले. चोरीचा माल पोलिसांनी उचलून नेल्यावर वाद घालायला दिवाणी असे उरते तरी काय? बँकेचे अंतिम उत्तर आल्यावर, किंवा आठ आठवडे उलटल्यावर, बँकांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या लोकपालाकडे दाद मागता येते. अंतिम पत्रानंतर त्यासाठी सहा महिने असतात, ते दवडू नका. रोख दिलेले ९०० पौंड या नियमात मोजलेच जात नाहीत, त्यामुळे थोडी सूट मिळते म्हणून रोख देऊ नका. माझी सूट १०० पौंडांची होती.

आता मी व्हॅन बघतो आहे. तिथेही लॉगबुक दाखवले की काम झाले असे धरू नये, कारण ते मालकीचा पुरावा नाही हे त्या कागदावरच छापलेले असते. नंबरावरून एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, त्यात दरवर्षीचे मैल ताडून पाहा. गाडीवर कर्ज बाकी आहे का, हे थोडे पैसे भरून तपासा. आणि व्यवहार विक्रेत्याच्या घरी, लॉगबुकवर असलेल्या पत्त्यावरच करा. मला ट्रेलर सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दाखवला होता.