१९५१ च्या डॉन्स टीमची हुडी: कापड झकास, पण पाठीवरचा एक आकडा चुकलाय

डॉन्स म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची अमेरिकन फुटबॉलची टीम. तिची ही हुडी मार्चमध्ये घेतली, सहा महिने वापरून झालेत म्हणून आता सविस्तर लिहिते. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये, छोटं ऑनलाइन दुकान आहे, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. पण जुन्या कॉलेज टीमचे कपडे काढणारे आजकाल बरेच झालेत, कुणाकडूनही घ्या पण घेताना काय बघायचं ते तरी कळेल.

आधी वस्तू. गडद हिरवी हुडी, छातीवर सोनेरी धाग्याने भरतकाम केलेलं १९५१ आणि खाली तीन शब्द, अनडिफीटेड, अनटाइड, अनइन्व्हायटेड, म्हणजे न हरलेले, बरोबरीत न सुटलेले, न बोलावलेले. पाठीवर त्या सीझनच्या नऊच्या नऊ मॅच स्कोअरसकट. किंमत ५८ डॉलर, शिपिंग वेगळं. कापड खरंच चांगलंय, आतून मऊ, सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्याला पुरेसं जाड, आणि भरतकामाचा एक धागा अजून निघालेला नाही. पाठीवरची अक्षरं मात्र भरलेली नाहीत, व्हिनाइल कापून इस्त्रीने चिकटवलेली आहेत, ते फोटोत कळत नाही.

मी मूळची कोल्हापूरची, त्यामुळे फुटबॉल म्हटलं की डोळ्यासमोर शाहू स्टेडियम आणि पेठेतल्या तालमी. हा अमेरिकन फुटबॉल मला इथे आल्यावर सुद्धा कित्येक वर्षं कळत नव्हता, लेक युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शिकायला लागली आणि तिच्याकडून या टीमची गोष्ट ऐकली तेव्हा पहिल्यांदा त्यात जीव अडकला.

छोटं जेझुइट कॉलेज, कोच जो कुहारिच. १९५१ मध्ये नऊ मॅच खेळले आणि नऊ जिंकले. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२-२६ ने हरवलं, त्या मॅचमध्ये आपल्या टीमच्या ऑली मॅटसनने समोरच्यांनी मारलेले दोन किकऑफ पकडून थेट पळत नेऊन टचडाउन केले, म्हणजे बॉल समोरच्याच्या गोल लाइनपलीकडे नेला. कॉलेज ऑफ पॅसिफिकला तर ४७-१४. मॅटसनने त्या सीझनमध्ये १५६६ यार्ड धाव काढली आणि २१ टचडाउन केले, देशात सगळ्यात जास्त. असल्या टीमला सीझन संपल्यावर बोल गेमचं, म्हणजे निवडक टीमना बोलावून होणाऱ्या मोठ्या मॅचचं, आमंत्रण यायलाच हवं होतं, आणि नुसत्या मानासाठी नाही, कॉलेजचा फुटबॉल तोट्यात चालला होता, बोलचे पैसे आले असते तर कदाचित टीम वाचली असती.

मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघं कृष्णवर्णीय. ऑरेंज, शुगर, गेटर हे मोठे बोल सगळे साउथमध्ये, जिथे तेव्हा वर्णभेद पाळला जायचा. निरोप असा आला की या दोघांना घरी ठेवून येत असाल तर बघू. टीमने नाही म्हणून सांगितलं. मतदान नाही, चर्चा नाही, सरळ नाही. आमच्याकडे एखाद्या तालमीला कुणी म्हणालं असतं की तुमची दोन पोरं सोडून मैदानात या, तर अख्खी पेठ रस्त्यावर आली असती, त्यामुळे हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. यात मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की मॅटसन टेक्ससमध्ये जन्मलेला आणि टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा, म्हणजे दोघंही साउथचेच, आणि त्यांना मैदानात उतरू द्यायचं नाही ते पण साउथमध्येच. ज्या पॅसिफिकला यांनी ४७-१४ ने लोळवलं ते सन बोलला जाऊन खेळले आणि हे घरी बसले. कॉलेजने नंतर फुटबॉलच बंद केला.

तर अशा सीझनची हुडी. आता चुकीचं सांगते.

एका रविवारी ती घालून केझार स्टेडियमला चालायला गेले होते. गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यात आहे ते, डॉन्सचं घरचं मैदान तेच. जुनं मोठं स्टेडियम पाडून आता छोटं केलंय, भोवती धावायचा ट्रॅक सगळ्यांना मोकळा असतो, आणि मैदानाला बॉब सेंट क्लेअरचं नाव दिलंय, तो त्याच १९५१ च्या टीममधला. दोन चकरा झाल्यावर बाकावर बसलेले एक आजोबा म्हणाले, जरा थांब, पाठ वाचू दे. मी उभी राहिले, ते बोटाने एकेक ओळ वाचत खाली आले आणि शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. म्हणाले हे चुकलंय, लोयोला कॉलेजबरोबरची मॅच वीस-दोन होती, वीस-बारा नव्हे.

घरी येऊन तपासलं तर आजोबा बरोबर. २०-२. आता कुणी म्हणेल एका आकड्याने काय होतंय, जिंकले ना. पण दोन पॉइंट म्हणजे सेफ्टी, आपणच आपल्या गोल लाइनच्या मागे पकडले गेलो की समोरच्याला मिळतात ते, म्हणजे समोरच्याला एकही टचडाउन करू दिला नाही, लाथेने मारायचा एक फील्ड गोल सुद्धा नाही. त्या सीझनची ही शेवटची मॅच, आणि त्यात डिफेन्सने गोल लाइन कुणाला ओलांडू दिली नाही. त्या डिफेन्समध्ये बर्ल टोलर होता, जीनो मार्केटी होता जो आधी दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत लढून आलेला. बारा छापलं की त्यांचं ते काम सगळं पुसलं गेलं. आधीच ज्यांना त्यांच्या हक्काची मॅच मिळाली नाही त्यांच्या नावाची हुडी विकताना निदान स्कोअर तरी बरोबर टाका, एवढंच माझं म्हणणं.

दुकानाला मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं, टायपिंगची चूक झाली, पुढच्या ऑर्डरवर १५ टक्के सूट घ्या. मी लिहिलं की सूट नको, डिझाइन सुधारा. त्यावर १० डॉलर परत आले, डिझाइन मात्र मी हे लिहितेय तोपर्यंत तसंच आहे, साइटवरच्या फोटोत २०-१२ स्पष्ट दिसतंय. बोलायला उद्धट नव्हते हे सांगायला हवं, पण काम केलं नाही हे पण खरं.

आणखी एक राहून गेलेलं. छातीवर तीन शब्द आहेत पण मॅटसन आणि टोलर ही नावं कुठेच नाहीत, कॉलरच्या आत पण नाहीत. ज्याला माहीत नाही त्याला अनइन्व्हायटेड वाचून काय कळणार? मला आतापर्यंत तीन जणांनी विचारलं याचा अर्थ काय, आणि प्रत्येकाला मी उभी राहून सगळं सांगितलंय, की मॅटसन पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दोन मेडल घेऊन आला, की टोलरचा गुडघा १९५२ मध्ये गेला, खेळणं संपलं, तरी १९६५ मध्ये तो एनएफएलचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, पहिला कृष्णवर्णीय ऑफिशियल (मैदानावरचा पंच) झाला आणि शहरातल्या शाळेत प्रिन्सिपल पण होता. मला सांगायला आवडतंच, पण दोन नावं भरायला किती धागा लागतो?

तो आकडा मी घरीच काढला. आतल्या बाजूने इस्त्री मध्यम गरम करून दहा सेकंद धरली, मग भुवयांचा चिमटा घेऊन बाराच्या एक्क्याचं टोक उचललं आणि हळूहळू ओढलं, आलं निघून. खाली कापड किंचित गडद राहिलंय कारण बाकीचं धुऊन फिकं झालंय, आणि मध्ये रिकामी जागा, २०- २ असं दिसतं. चालतंय मला.

पाचपैकी तीन स्टार, तिन्ही कापड आणि भरतकामाला. साइज एक मोठा घ्या, पहिल्या धुण्यात बाह्या अर्धा इंच आखडल्या. उलटी करून गार पाण्यात धुवा, ड्रायरमध्ये अजिबात टाकू नका, व्हिनाइलच्या कडा उठतात. लेकीला पण हवीय, पण तिच्यासाठी शेवटची ओळ दुरुस्त होईपर्यंत ऑर्डर करणार नाहीये.