स्लिम डीव्हीडी रायटर: सात डिस्क वाया गेल्यावर आणि तापकीर गल्लीत दोन खेपा घातल्यावरचा रिव्ह्यू

यूएसबीवर चालणारा हा स्लिम डीव्हीडी रायटर फेब्रुवारीत घेतला, सोळाशे रुपयांना. चार महिने झाले, साठेक डिस्क बर्न केल्यात, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता, आता चार देतेय. आणि पाचवा का देत नाही तेही सांगते.

आधी कशासाठी घेतला ते. आमच्या आत्याचं पुण्यात नारायण पेठेत भजनी मंडळ आहे, बहुतेक सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या ९० च्या दशकातल्या कॅसेट्स मी कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. व्हॉट्सअपवर पाठवून झालं, पण त्या म्हणतात एकदा ऐकलं की परत सापडत नाही. घरात सीडी लागणारा जुना टू-इन-वन सगळ्यांकडे आहे, सकाळी पूजेच्या वेळी बटण दाबलं की झालं. त्या रेकॉर्डिंगमध्ये पेटीवर असलेली मावशी आता नाहीये, गाणाऱ्यांतल्याही दोघी गेल्या, म्हणून आत्याला प्रत्येकीच्या घरी एक सीडी हवी होती. आणि ती पालखीच्या आत हवी होती, कारण तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते तेव्हा सगळं मंडळ एकत्र दर्शनाला जातं, वाटायच्या त्याच दिवशी.

तर पहिल्याच दिवशी तीन सीडी गेल्या, बर्न सुरू होतानाच पॉवर कॅलिब्रेशन एरर. नंतरच्या दोन अर्ध्यावर गेल्या, ड्राइव्हमधून टक टक आवाज यायचा, मग यूएसबी काढल्यावर येतो तसा आवाज आणि ड्राइव्ह स्क्रीनवरून गायब. मी दोन दिवस सॉफ्टवेअर काढून टाकून परत घालत बसले. हेल्पलाइनला फोन केला तर ते म्हणाले सर्व्हिस सेंटरला जमा करा, पंधरा दिवस लागतील. कुठे लावलाय, कसा लावलाय, काहीही विचारलं नाही याचा मला खरंच राग आला.

तापकीर गल्लीत, म्हणजे आमच्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, आतल्या बाजूला एक काका आहेत, ड्राइव्ह, प्लेअर, अँप्लिफायर असलं दुरुस्त करतात, दुकानाला धड पाटी पण नाही. त्यांनी ड्राइव्ह हातात घ्यायच्या आधी विचारलं, "ताई, हा लावता कशाला?" म्हणलं हबला (एका यूएसबी पोर्टला बऱ्याच वस्तू लावायची डबी). "हबला अजून काय काय असतं?" माऊस, कीबोर्ड आणि एक हार्ड डिस्क. ते म्हणाले हब काढा, सरळ लॅपटॉपला लावा, आणि बॉक्समध्ये दोन तोंडांची केबल असेल ती कुठेय? ती मी जादाची समजून ड्रॉवरमध्ये टाकलेली.

भानगड अशी असते. यूएसबी २ च्या पोर्टमधून साधारण ५०० मिलिअँपिअर मिळतो, यूएसबी ३ मधून ९००. डिस्क वाचायला लेसरला फार करंट लागत नाही, लिहायला बराच जास्त लागतो, आणि या स्लिम ड्राइव्हला वेगळा अडॅप्टर नसतो, जे काय ते त्या एका वायरीतूनच. म्हणून तर फसायला होतं, कारण सीडी लावली की गाणी व्यवस्थित वाजतात, मग आपल्याला वाटतं ड्राइव्ह चांगलाय आणि सॉफ्टवेअरच बिघडलंय. कॅलिब्रेशन म्हणजे पण तेच, डिस्कच्या मधल्या भोकाजवळ टेस्टसाठी थोडी जागा राखून ठेवलेली असते, ड्राइव्ह आधी तिथे लेसर कमीजास्त करून बघतो आणि या डिस्कला किती पॉवर लागेल ते ठरवतो. करंटच पुरा पडत नसेल तर ते ठरतच नाही (लेन्सवर धूळ असली किंवा डिस्क भिकार असली तरी हीच एरर येते, पण आधी वायर बघायला पैसे पडत नाहीत). दोन तोंडं दोन पोर्टला लावली आणि टक टक बंद. काकांनी एक रुपया घेतला नाही. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा असंही त्यांनी सांगितलं.

पाचवा स्टार इथे गेला. ती केबल बॉक्समध्ये देतात आणि ती का लागते याबद्दल माहितीपत्रकात एक ओळ नाही!

दुसरी खेप पुढच्या आठवड्यात. आता बर्न पूर्ण होत होतं, सक्सेसफुल असा मेसेज पण येत होता, पण आत्याच्या टू-इन-वनवर शेवटचे दोन अभंग अडकायचे. पहिले आठ स्वच्छ, मग खर्रर्र. काकांना दोन्ही सीडी दाखवल्या. त्यांनी विचारलं स्पीड किती ठेवला, मी मॅक्स ठेवला होता, २४एक्स, म्हणजे वाजवायच्या वेगाच्या चोवीस पट. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, जोरात लिहायला लावलं की स्पीड कडेकडे वाढत जातो, त्यामुळे हलक्या दर्जाची डिस्क असेल तर घाण होते ती शेवटच्या ट्रॅकवर. १६एक्स किंवा त्याखाली लिहा म्हणाले, डीव्हीडी असेल तर ४एक्स. पण अगदी तळाचा स्पीड पण नको, आत्ताच्या डिस्क तेवढ्या हळू लिहिण्यासाठी बनवलेल्याच नसतात.

मग त्यांनी माझी कोरी डिस्क घालून इमगबर्न नावाच्या बर्न करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवलं, उजव्या बाजूला डिस्कचा कोड येतो, ती खरी कुठल्या कारखान्यात बनली ते त्यावरून कळतं, डब्यावरचं नाव वेगळंच असू शकतं. हे मला अजिबात माहीत नव्हतं. आपण लहानपणापासून मोझर बेअरच्या डिस्क वापरल्या, त्या कंपनीचं लिक्विडेशन २०१८ मध्ये सुरू झालं. जपानची तैयो युडेन, जिच्या डिस्कचं नाव सगळे जाणकार अजून काढतात, तिने २०१५ मध्येच हा धंदा सोडला. त्यामुळे आता बाजारात जे आहे त्यातून निवडायचं आणि पन्नासचा डबा उचलायच्या आधी पाच सुट्या घेऊन बर्न करून बघायच्या. मी तसंच केलं, दुसऱ्या डब्यातली एकही वाया गेली नाही.

बाकी चुका माझ्या सेटिंगच्या होत्या, ड्राइव्हचा दोष नाही, पण ज्यांना अडतं त्यांच्यासाठी लिहिते. एमपी३ फाइल नुसत्या ओढून सीडीवर टाकल्या की ती डेटा सीडी होते, जुना प्लेअर ती वाजवत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ सीडी निवडावं लागतं, आणि मग एमबी मोजायचे नाहीत, मिनिटं मोजायची, ७०० एमबीच्या सीडीवर ८० मिनिटं बसतात. मी सीडीबर्नरएक्सपी वापरलं, फुकट आहे. त्यात ट्रॅकमधला गॅप काढता येतो, आणि भजनाला हे फार महत्त्वाचं, कारण अभंग संपता संपता गजर सुरू होतो आणि मध्येच दोन सेकंद शांतता आली तर सगळी लय तुटते. आत्याने पहिल्यांदा ऐकल्यावर तेच म्हणलं, "अगं, इथे टाळ का थांबला?"

फोटोंची डीव्हीडी केली तेव्हा वेगळाच घोळ. डब्यावर ४.७ जीबी लिहिलंय आणि कॉम्प्युटर ४.३७ च्या वर घेत नाही. त्यात फसवणूक नाहीये, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. आणि कोरी डिस्क घातल्यावर विंडोज विचारतं की पेन ड्राइव्हसारखी वापरायची का सीडी-डीव्हीडी प्लेअरवर लावायची, तिथे दुसरा पर्याय निवडा. पहिलं निवडलेली डिस्क जुने प्लेअर ओळखत नाहीत, आणि एकदा लिहिलेली आर डिस्क (सीडी-आर, डीव्हीडी-आर) पुसता पण येत नाही. माझ्या सातातल्या दोन अशाच गेल्या.

मराठी नावांचं तर मला कुठेच लिहिलेलं सापडलं नाही म्हणून मुद्दाम सांगते. फाइलींची नावं मी देवनागरीत लांबलचक दिली होती, कोण गातंय, कुठल्या साली, कुठल्या देवळात. सॉफ्टवेअर म्हणे नाव फार मोठं आहे. डिस्कवर फाइलींची नावं ठेवायच्या जॉलिएट नावाच्या पद्धतीत ६४ अक्षरांची मर्यादा असते, पण ती आपली अक्षरं नाहीत, काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं सुटं मोजलं जातं. ज्ञानेश्वर आपल्याला चार अक्षरं दिसतात, मोजली जातात दहा! म्हणजे दोन-तीन संतांची नावं आणि एका देवळाचं नाव लिहिलं की जागा संपली. इमगबर्नमध्ये यूडीएफ नावाची दुसरी पद्धत निवडली की पूर्ण नावं बसतात आणि कॉम्प्युटरवर नीट दिसतात, कुणाचंही नाव कापावं लागलं नाही.

ड्राइव्हचं म्हणाल तर ट्रे नाजूक आहे, डिस्क दाबून बसवताना दुसऱ्या हाताने खालून आधार द्या. आवाज होतो, चालतो तेवढा. फाइल पेन ड्राइव्हवरून थेट बर्न करू नका, आधी लॅपटॉपवर कॉपी करा. बर्ननंतर व्हेरिफायची (लिहिलेलं परत वाचून तपासायची) टिक कधीही काढू नका, वेळ लागतो पण लागू दे. नाव लिहायला बॉलपेन नको, सीडीचा लिहिलेला थर वरच्याच बाजूला असतो, टोकाने चरा पडला की गाणं गेलं. डिस्कवर लिहायचा मार्कर मिळतो तो घ्या आणि खिडकीत उन्हात ठेवू नका.

घेताना दुकानातच बॉक्स उघडून दोन तोंडांची केबल आहे का बघा, नसेल तर दुसरा मॉडेल बघा.

पालखीच्या दिवशी बावीस सीडी वाटल्या. तेविसावी मी तापकीर गल्लीत काकांना नेऊन दिली. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, तिथल्याच प्लेअरवर लावली आणि आधी शेवटचा ट्रॅक ऐकला, पूर्ण.