आकाशदर्शन क्लबात नऊ महिने: रांगेच्या अलीकडे आणि पलीकडे

सप्टेंबर 2025 मध्ये हौशी खगोल क्लबाची सदस्य झाले, त्याला आता नऊ महिने होतील. सुरुवातीलाच सांगते: जाहीर आकाशदर्शनाच्या एका रात्रीवरून क्लबाबद्दल मत बनवू नका. मी बनवलं होतं आणि सपशेल चुकले.

त्या रात्री शनीसाठी चाळीस मिनिटं रांगेत उभी होते. नंबर आला, डोळा लावला, तर एक पिवळसर गोळी आणि तिच्या आरपार सुईएवढी रेघ. कडी कुठायत, असं विचारेपर्यंत मागच्याने घसा खाकरला. वीस सेकंदांत खेळ खल्लास. दुर्बिणीत काही खोट नव्हती. मार्च 2025 मध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली आणि पुढे वर्षअखेरीपर्यंत कडी आपल्याला जवळपास कडेनेच दिसत होती. पसारा पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास, पण जाडी इतकी कमी की कडेने बघितल्यावर रेघच उरते. साधारण पंधरा वर्षांनी येणारा योग बघून मी तोंड पाडून घरी गेले होते! एवढं रांगेतच कुणी सांगितलं असतं तर? माझी सगळ्यात मोठी तक्रार अजूनही तीच आहे. दुर्बिणीपाशी चार-चार जाणकार असतात आणि रांगेतल्या माणसांशी बोलायला एकही नसतो.

तरी सदस्यत्व घेतलं, कारण अमावास्येच्या आसपासच्या शनिवारची रात्र फक्त सदस्यांची असते. शहराबाहेर, अंधारात. पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच करायचं नाही, डोळे अंधाराला सरावू द्यायचे. तेवढ्यात कुणी मोबाइल उघडला की सगळ्यांची मेहनत पाण्यात, म्हणून फक्त लाल दिवा. देवयानी दीर्घिका मला चटकन दिसली, धुरकट लांबट डाग. पण तिच्या शेजारची छोटी दीर्घिका, एम 110, काही केल्या सापडेना. एक ज्येष्ठ काका मागून म्हणाले, "ताई, तिच्याकडे बघूच नका. नजर कडेला ठेवा, लक्ष मात्र तिथे." तसं केलं आणि मघाशी काळं होतं तिथे फुंकर मारल्यासारखा एक फिकट अंडाकार उमटला. सरळ बघितलं की गायब, नजर हलवली की हजर. अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जवळजवळ नसतात, बाजूला दाट असतात, म्हणून असं होतं. सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश बघायला शेवटी नजर चुकवावी लागते, याची मला त्या रात्री फार गंमत वाटली.

जानेवारीत गुरू रात्रभर आकाशात होता, तेव्हा जाहीर कार्यक्रमात मला स्वयंसेवक म्हणून आठ इंची डॉबसोनियनपाशी उभं केलं. मोटर वगैरे काही नाही, हाताने ढकलायची साधी दुर्बीण. 1200 मिलिमीटर नाभीय अंतर, नेत्रिका (जिला डोळा लावतो ते भिंग) दहा मिलिमीटरची, भागाकार केला की 120 पट मोठं दिसणार. एवढ्या वर्धनाला पृथ्वीचं फिरणं डोळ्यांना दिसतं: गुरू एका कडेने आत येतो आणि पावणेदोन मिनिटांत दुसऱ्या कडेने बाहेर. दर दोन माणसांनंतर पुन्हा मध्यभागी आणायचा. त्यात प्रत्येक जण आधी नेत्रिका मुठीत पकडतो, की गुरू गेलाच. मुलं नेत्रिकेवर श्वास सोडतात, काच धुरकटते. तासाभरात माझी कंबर धरली. पण एक आजी स्टुलावर टेकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तीनच चांदण्या आहेत, तू चार म्हणालीस." बरोबर होतं त्यांचं, चौथा उपग्रह गुरूच्या मागे गेला होता. मी घोकलेलं सांगत होते, त्या बघत होत्या. तेव्हापासून आधी स्वतः बघते, मग तोंड उघडते.

सहा महिने झाल्यावर दुर्बीण घरी न्यायला मिळते. सोय उत्तम, निगा यथातथा. माझ्या वाट्याला आलेलीचे आरसे एका रेषेत नव्हते, त्यामुळे तारे शेपटीवाले दिसत होते. दुरुस्ती पंधरा मिनिटांची, पण तोवर माझा आठवडा गेला. शिवाय मोठा आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा तास लागतो, हे नवख्याला कसं कळणार? दुर्बिणीसोबत एक कागद द्यायला काय जातं?

बाकी कुरबुरी: ठरलेल्या नऊ रात्रींपैकी चार ढगांनी खाल्ल्या, त्याला इलाज नाही. फोटोवाले मित्र लॅपटॉपचा पडदा झाकत नाहीत, त्याला आहे. निरीक्षणाच्या जागी स्वच्छतागृह नाही आणि 'अडजस्ट करा' हे त्यावरचं उत्तर बायकांनी किती वेळा ऐकायचं? हे मी बैठकीतही बोललेय. ग्रुपवर रोजचे पन्नास फॉरवर्ड, तो मी कायमचा म्यूट केलाय.

बघायला जाणार असाल तर पौर्णिमा टाळून शुक्ल अष्टमीच्या सुमारास जा. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांच्या सावल्या लांब पडतात, पौर्णिमेला सगळं सपाट चुन्यासारखं दिसतं. आणि दहानंतर थांबा. गर्दी पांगली की तीच मंडळी हवं तेवढं दाखवतात.

वर्गणी मी पुन्हा भरणार आहे. लाल दिवा मात्र स्वतःचा न्या, क्लबाचे नेहमी कुणाच्या तरी खिशात घरी गेलेले असतात. एक माझ्याकडेही आहे.