डेक स्लॅबवर क्लॅडिंग लावून घेताय? आधी हे वाचा

रत्नागिरीजवळच्या आमच्या लॉजची इमारत स्टीलची आहे. मजल्यांना डेक शीट, म्हणजे पन्हळी पोलादी पत्रा, आणि त्यावर काँक्रीट. स्लॅब १२५ मिमीचा, पण शीटची पन्हळ ५१ मिमी उंच. म्हणजे पन्हळीच्या उंचवट्यावर काँक्रीट उरतं फक्त ७४ मिमी. पूर्ण जाडी मिळते ती खोबणीत. समोरच्या एसीपी क्लॅडिंगचे (इमारतीवर बाहेरून बसवायच्या अ‍ॅल्युमिनियम पॅनेलच्या आवरणाचे) ब्रॅकेट स्लॅबच्या कडेला धरायचे होते. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं: ३१६ जातीच्या स्टेनलेसचे १२ मिमी रॉड, ९० मिमी खोल, भोकात रॉड चिकटवणारं केमिकल भरून, सगळे खोबणीवर. दरही त्याच हिशेबाने लावला होता.

पावसाळा लागला, समुद्राकडून वारा सुटला आणि वरच्या मजल्याचे पॅनेल खडखडायला लागले. सुदैवाने फॉल्स सिलिंग व्हायचं होतं. खालून टॉर्च मारली तर शीटला आरपार भोकं, आणि त्यांतून केमिकलचे राखाडी ओघळ मेणबत्तीच्या मेणासारखे लोंबून सुकलेले. वरून स्लॅब सपाट, खोबणी कुठे ते दिसत नाही. माणसांनी अंदाजाने ड्रिल मारलं होतं. उंचवट्यावर ९० मिमीचं भोक पाडलं की शीट फुटणारच. मग आत भरलेलं केमिकल खालून गळतं आणि रॉडला धरायला काही राहत नाही.

जिथे ड्रिलला स्लॅबमधली सळई आडवी आली तिथे तर कहरच. नट आवळायला गेलो की रॉडसकट गोल फिरायचा. एक उपसून काढला: दोन बोटं लांबीचा, टोक ग्राइंडरने तिरकं कापलेलं, वर झिंकचा पिवळसर मुलामा. लोहचुंबक खटकन चिकटला. (चुंबकाने साधं लोखंड पकडता येतं, पण ३०४ आणि ३१६ या स्टेनलेसच्या दोन जातींमधला फरक नाही कळत. त्यासाठी नटावरचा छाप बघा: ए२ म्हणजे ३०४च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६च्या. खाऱ्या हवेत हा फरक पैशांचा आहे.)

पुल-आउट टेस्ट (रॉड ओढून पकड तपासणं) झाली होती, रिपोर्टही खरा होता. खरी मेख तिथेच आहे. कुठले रॉड ओढायचे ते कंत्राटदाराच्याच माणसाने दाखवले, जिन्याजवळचे, नीट बसवलेले. त्या रिपोर्टवर त्याने शेवटचं बिल काढून घेतलं.

फोन केला तर म्हणे, "साहेब, डेकमध्ये थोडं हलतंच." हलायचं कसं? वाऱ्याचा दाब आणि ओढ, दोन्ही त्या रॉडनेच पेलायची असते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात पत्रे कसे उडाले ते आपण पाहिलंय. त्यानंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

आता दुसऱ्या माणसाकडून सगळं उपसून पुन्हा करून घेतोय. खोबणीच्या रेषा खालून मोजून वर आखल्या जातात, प्रत्येक भोक ब्रश आणि हवेने साफ झाल्याशिवाय केमिकल आत जात नाही. टेस्टचे रॉड काम झाल्यावर आम्ही खडूने खुणा करून देतो, आधी सांगत नाही. आणि बिलातली काही रक्कम पुढचा पावसाळा संपेपर्यंत आमच्याकडेच राहणार, हे करारातच घातलंय.