डबा रीपरचा, आत प्रिडेटर: आमचे १७,४०० रुपये कसे गेले

माझ्या भाच्याचे आणि माझे मिळून १७,४०० रुपये गेले. त्यात त्याच्या तान्ह्या पोळ्याच्या बोजाऱ्याचे (लाकडी नंदी घेऊन फिरणाऱ्या पोरांना घरोघरी मिळणाऱ्या पैशांचे) आणि ओवाळणीचे साठवलेले अडीच हजार होते. प्लास्टिक मॉडेल किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायच्या छोट्या विमानांचे डबे, जुन्या संग्रहातून विकत घेणाऱ्यांनी, त्यातही घरात शाळकरी पोट्टे असतील त्यांनी, हे जरूर वाचावं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार केला. १५ नौदलाला, आठ लष्कराला, आठ हवाई दलाला, हे भाचा जेवतानाही सांगायचा. आधी आम्ही दोघं मिग, जॅग्वार असली विमानं जोडायचो. तेव्हापासून त्याला ड्रोनच हवं होतं. नव्या ९बीचं किट आम्हाला मिळेना, म्हणून त्याच घराण्यातल्या जुन्या एमक्यू-९ रीपर ड्रोनचं १/४८ किट (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याएवढं) घेऊन त्याचे पंख वाढवायचे ठरवलं. खऱ्या रीपरचा पंखविस्तार साधारण २० मीटर, बीचा २४. अठ्ठेचाळीसने भागा: ४२ सेंटीमीटरचे ५० करायचे, दोन्हीकडे चार-चार. आत पितळी तार, वरून प्लास्टिक शीट, मग फटी बुजवायला पुटी आणि घासकाम. त्याने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मापांसकट आकृती काढून ठेवली होती.

विकणारा ऑनलाइन भेटला. डबा सीलबंद, ४,२०० रुपये, कुरिअरचे १५० वेगळे. मी नागपूरचाच, सदरला राहतो, म्हणाला. मी म्हटलं, मग मीच येऊन घेऊन जातो, आमच्या महाल भागातून सदर कितीसं लांब? तर म्हणे आई दवाखान्यात आहे, मी घरी नसतो, कुरिअरच बरं. आजारी आईचं नाव निघाल्यावर पुढे काय बोलणार? मी गप्प बसलो.

आणि बोलायचा किती जाणकार! नाकात वजन भरा, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसेल. लांब पंखांना वाकायची खोड असते, तार जाडच घ्या. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) लावण्याआधी ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत थर, मारा. सगळं बरोबर सांगितलं त्याने. आपल्या छंदातला माणूस भेटला की आपण त्याला घरचा समजतो, आणि त्याने नेमकं तेच ओळखलं होतं. पैसे ताईच्या फोनवरून गेले, कारण भाच्याची बचत तिच्याच खात्यात होती.

डबा आला तेव्हा प्लास्टिकचं वेष्टण अगदी घट्ट होतं. मी छपाईच्या धंद्यात आहे. पुस्तकांच्या गठ्ठ्यांना असं वेष्टण घालायचं मशीन आमच्या प्रेसमध्येच आहे. गरम हवा मारली की मिनिटभरात कोणताही डबा 'सीलबंद' होतो. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्या दिवशी मला आठवली नाही, याचं वाईट वाटतं.

भाच्याने ब्लेडने वेष्टण कापलं, स्प्रू (सुटे भाग लागलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) बाहेर काढले आणि थबकला. "मामा, हे काहून इतकं लहान दिसून राहिलं?" पट्टी लावली. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम साडेवीस सेंटीमीटर. मग शेपटीचे तुकडे पाहिले. रीपरची शेपटी इंग्रजी व्हीसारखी वर उघडते आणि पोटाखाली एक उभा पंख असतो. आमच्या हातातली शेपटी खाली उघडणारी होती, उलट्या व्हीची. डब्यावरच्या चित्रात पंखा तीन पात्यांचा, स्प्रूवर दोन पात्यांचा. क्षेपणास्त्रं आणि बॉम्ब शोधूनही सापडेनात. तो आरक्यू-१ प्रिडेटर होता, रीपरहून लहान असं दुसरंच ड्रोन, आणि तेही १/७२. नावातला आर म्हणजे टेहळणी, त्याला शस्त्रं नसतातच. खऱ्या प्रिडेटरचा पंख १४.८ मीटर, बहात्तरने भागलं की साडेवीस सेंटीमीटरच येतात. भाच्याने पुन्हा पुन्हा भागाकार करून पाहिला.

तरी ताई म्हणाली, चुकून डबा बदलला असेल रे. मग मी डिकलचा कागद उजेडात धरला. रीपरच्याच खुणा होत्या, पण कडेला छपाईचे बारीक ठिपके दिसत होते. कोपरा कापून वाटीतल्या पाण्यात टाकला. खरं डिकल अर्ध्या मिनिटात कागदावरून सरकतं आणि पातळ पापुद्र्यासारखं बोटावर येतं. याचा रंग पाण्यात उतरला आणि कागदाचा लगदा झाला. साध्या कागदावरची इंकजेट प्रिंट! चुकून डबा बदलणारा माणूस अशी प्रिंट काढत बसेल का? कुरिअरचं लेबल तेव्हा कुठे नीट वाचलं. नागपूरचे पिनकोड ४४० ने सुरू होतात, पाठवणाऱ्याच्या पिनकोडची सुरुवातच वेगळी होती.

इथवर ४,३५० रुपये गेले होते. मी त्याला फोटो पाठवून पैसे परत मागितले. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी प्रेसमध्ये असताना, त्याने ताईच्या नंबरवर फोन केला. ताई स्वयंपाकघरात होती, फोन भाच्याने घेतला. आवाज एकदम मायेचा: "बेटा, माझ्याकडून चूक झाली, आताच परत करतो. क्यूआर पाठवलाय, स्कॅन कर आणि पिन टाक, पैसे जमा होतील." पोराने टाकला पिन. ४,३५० कापले गेले. "अरे, अडकले वाटतं, आता दोन्ही मिळून ८,७०० एकदम टाकतो, पुन्हा कर." पुन्हा पिन. चौदा वर्षांचं पोरगं, मामाचे पैसे परत मिळवून देतोय म्हणून खुशीत होतं. स्क्रीनवर 'पे' लिहिलेलं त्याने वाचलंही होतं. त्याबद्दल विचारलं तर तो माणूस म्हणाला, व्यापारी खात्यातून रिफंड असाच येतो.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात, समोरचा काहीही सांगो. हे मला ठाऊक होतं, ताईलाही ठाऊक होतं, पण ज्याच्या हातात फोन होता त्याला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना हे एकदा सांगा.

मी घरी पोचेपर्यंत तासभर गेला होता. लगेच १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच नंबर आहे. बाराआकडी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, समोरच्याचा यूपीआय आयडी एवढं विचारतात, म्हणून चॅट किंवा मेसेज काहीही पुसू नका. त्याच रात्री राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, सकाळी बँकेत लेखी अर्ज दिला. पुढच्या खात्यात ३,२०० रुपये गोठवले गेले असं कळलं. बाकीचे तोवर पुढे सरकले होते. तो एक तास वाचला असता तर आणखी काही थांबले असते असं मला वाटतं. गोठलेले पैसेही अजून हातात आलेले नाहीत.

पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. भाचा आठवडाभर आमच्याकडे फिरकला नाही. ताईने विचारलं तर म्हणे, मामाला तोंड कसं दाखवू? शेवटी मीच गेलो. त्याला सांगितलं की पहिला फसलो तो मी, डबा न उघडता पैसे पाठवले ते मी, तू तर परत आणायला गेला होतास. तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने उठून वही घेऊन आला.

आता दुसऱ्या एकाकडे तेच किट मिळतंय. या वेळी भाच्याने स्वतः मेसेज लिहिला: डबा उघडा, सगळे स्प्रू मांडा, पंखाशेजारी स्टीलची पट्टी ठेवा, चिठ्ठीवर आजची तारीख आणि माझं नाव लिहा आणि सगळं एका फोटोत पाठवा. डिकलचा फोटो तिरप्या उजेडात वेगळा. पैसे फोटोनंतर. त्या गृहस्थांना राग आला नाही. काल रात्री फोटो आला. शेपटी वर उघडणारी आहे, पंखा तीन पात्यांचा. भाचा अजून फोटो मोठा करून पट्टीवरच्या रेघा मोजतोय.