द सायलेंट पेशंट : दुसऱ्या वाचनानंतर

भाचीने जूनमध्ये हे पुस्तक हातात ठेवलं तेव्हा एकच अट घातली, "मावशी, शेवटचं पान आधी उघडायचं नाही हं." मी आत्मचरित्रं आणि प्रवासवर्णनं वाचणारी, थ्रिलरच्या वाटेला कधी गेले नव्हते. आता सहा महिन्यांत दोनदा वाचून झालंय. शेवट फोडणार नाही, निर्धास्त वाचा.

अ‍ॅलेक्स मायकेलिडीस यांची ही पहिलीच कादंबरी, २०१९ सालची. लंडनची चित्रकार अलिशिया बेरेन्सन नवऱ्याच्या तोंडावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर एक शब्द बोलत नाही. ग्रोव्ह नावाच्या मनोरुग्णालयात तिला बोलतं करायला थिओ फेबर हा थेरपिस्ट येतो. एकीकडे त्याचं निवेदन, मधूनमधून तिची डायरी.

पहिल्यांदा वाचताना माझा रसभंग झाला तो पुस्तकामुळे नाही, गाजावाजामुळे. 'शेवट हादरवून सोडतो' हे इतकं कानावर आलं होतं की मी प्रत्येकाकडे संशयाने बघत होते. दीर, शेजारीण, आर्ट गॅलरीवाला, आतेभाऊ, कुणीच सुटलं नाही. मधली शंभरेक पानं त्यामुळे रेंगाळली. आणि थेरपिस्टने पेशंटच्या नातेवाइकांच्या घरी जाऊन चौकशा करत फिरायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. शेवट कळला तेव्हा मात्र रात्रीचे दोन वाजले होते आणि मी तशीच मागची पानं चाळत बसले.

खरं पुस्तक मला नोव्हेंबरमध्ये सापडलं. या वेळी घाई नव्हती. एका पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने टिपत गेले : काय घडलं, कधी घडलं, आणि ते मला कुणी सांगितलं. तिसऱ्या रकान्याने डोळे उघडले. लेखक कुठेच खोटं बोललेला नाही. दोन वाक्यांच्या मधली जागा मीच माझ्या समजुतीने भरत गेले होते. हे इतक्या शांतपणे करून घेणं सोपं नाही.

पहिल्या वाचनात धावत ओलांडलेला एक प्रसंग आता सावकाश वाचला. थिओ अलिशियाच्या औषधांचा डोस कमी करायला लावतो. गुंगी उतरल्यावर ती समोर बसते, तरी गप्पच. पण आता तिची नजर जागी आहे. ती गप्प का, हे माहीत असताना तो प्रसंग वाचून पोटात कालवलं.

नवऱ्याच्या मृत्यूनंतर अलिशियाने काढलेल्या चित्राचं नाव अल्सेस्टिस. प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात ही राणी नवऱ्याऐवजी स्वतः मरण पत्करते, परत आणली जाते आणि शेवटी मुकी उभी राहते. पहिल्या वेळी मला ही नुसती सजावट वाटली होती. मायकेलिडीस ग्रीक भाषा-संस्कृती असलेल्या सायप्रसचे आहेत, त्यांच्यासाठी ती घरची गोष्ट आहे. नाटकाचं कथानक दहा मिनिटं काढून आधी वाचून घ्या, रहस्य बिघडत नाही आणि अलिशियाचं मौन जास्त कळतं.

भाषेत फार सौंदर्य शोधू नका; वाक्यं साधी, प्रकरणं छोटी. रुग्णालयातली इतर माणसं थोडक्यात उरकली आहेत. प्रोफेसर डायोमिडीस तेवढे लक्षात राहतात.

प्रत आता शेजारच्या काकूंकडे गेली आहे. देताना तो पेन्सिलीचा कागद आठवणीने काढून घेतला. तिसऱ्या रकान्यात सगळा उलगडा लिहिलेला आहे.