निविदा अपात्र ठरल्यावर घेतलेला लेखी कायदेशीर सल्ला: खर्च वसूल झाला का?

सांगलीत माझा वसतिगृहं आणि रुग्णालयांना जेवण पुरवण्याचा व्यवसाय आहे. सरकारी निविदा आम्ही नेमाने भरतो. काही महिन्यांपूर्वी एका शासकीय वसतिगृहाच्या निविदेत आमचा तांत्रिक लखोटा, म्हणजे पात्रतेच्या कागदांचा, बाद झाला, त्यामुळे दराचा लखोटा उघडला जाणार नव्हता. त्यावर मी कोल्हापुरातल्या एका वकील मॅडमकडून लेखी अभिप्राय घेतला. हा रिव्ह्यू त्या सेवेचा आहे. वकिलांना जाहिरात करायला बंदी असते, म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून नाव देत नाही. पण अशी सेवा असते, ती कधी घ्यावी आणि तिच्यातून हाती काय लागतं, हे आमच्यासारख्या लहान पुरवठादारांना माहीत असायलाच हवं.

फी 15,000 रुपये. त्यात कागदपत्रांची तपासणी, लेखी अभिप्राय आणि कार्यालयाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा. उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे सरकारी निर्णयाला आव्हान देणारी याचिका, करायची झाली तर तिची फी वेगळी.

कोण पात्र, कोण अपात्र हे दाखवणाऱ्या छाननी तक्त्यात आमच्या नावापुढे एवढंच होतं: ‘अनुभव प्रमाणपत्र नमुना ड मध्ये नाही. अपात्र.’ प्रमाणपत्र जोडलेलं होतं. ज्या रुग्णालयाला आम्ही जेवण देत होतो त्यांच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, कालावधी आणि रोजच्या ताटांचा आकडा लिहिलेलं. नमुन्यात मागितलेली सगळी माहिती त्यात होती, फक्त छापील रकाने नव्हते.

मॅडमनी तो तक्ता बाजूला ठेवला आणि आधी निविदा संच मागितला, शुद्धिपत्रकांसकट. मग पेन्सिल घेऊन बसल्या. जिथे जिथे ‘अन्यथा निविदा नाकारण्यात येईल’ असं छापलं होतं, तिथे समासात खूण. बयाणा रकमेच्या, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामतीच्या, अटीपाशी खूण, वैध अन्न परवान्यापाशी खूण, काळ्या यादीत नसल्याच्या शपथपत्रापाशी खूण. अनुभवाच्या अटीपाशी आल्यावर त्यांनी पान माझ्याकडे वळवलं. “ताई, इथे ते वाक्य नाही बघा.” इतक्या वेळा वाचलेला तो संच, पण या नजरेने मी कधी वाचलाच नव्हता.

अभिप्रायाचा पहिला भाग यावरच आहे. 1991 च्या पोद्दार स्टील खटल्यात वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सची निविदा होती. बयाणा रोख किंवा स्टेट बँकेच्या डिमांड ड्राफ्टने भरायचा होता, आणि एका निविदाकाराने युनियन बँकेचा प्रमाणित धनादेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पात्रतेची मूलभूत अट वेगळी आणि तिच्या पूर्ततेसाठीची दुय्यम अट वेगळी. दुय्यम अटीतला किरकोळ फरक कार्यालय सोडून देऊ शकतं. मला वाटलं, जिंकलोच. मॅडम म्हणाल्या, “सोडून देऊ शकतं. सोडून दिलंच पाहिजे, असं नाही.”

इथेच मला ही सेवा आवडली. आपल्या विरुद्ध जाणारे निकाल त्यांनी लपवले नाहीत, उलट त्यांना जास्त पानं दिली. ऑगस्ट 2016 चा सेंट्रल कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचा निकाल: बँक गॅरंटी ठरवून दिलेल्या नमुन्यात नव्हती म्हणून निविदा बाद, उच्च न्यायालयात निविदाकाराची सरशी, आणि सर्वोच्च न्यायालयात तो निकाल फिरला. त्याच्या पुढच्याच महिन्यात नागपूर मेट्रोचा निकाल आला. उन्नत मार्गाच्या कामात मेट्रो महामंडळाने एका संयुक्त भागीदारीला अनुभवाच्या अटीवर अपात्र ठरवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती अपात्रता रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाची बाजू उचलून धरली: ज्याने निविदा लिहिली, तिचा अर्थ त्यालाच सगळ्यात चांगला कळतो. त्याने लावलेल्या अर्थात दुष्ट हेतू किंवा धडधडीत विपर्यास असेल तरच न्यायालयाने हात घालावा. हे दोन्ही निकाल वाचून माझा चेहरा पडला. नुसत्या ‘रकाने नव्हते’ या मुद्द्यावर कोर्टात जाऊ नका, असं त्यांनी स्वच्छ लिहून दिलं.

मग त्यांनी तक्त्यातल्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्या एका निविदाकारापुढे शेरा होता: ‘परवाना नूतनीकरण अर्जाची पावती जोडली. पात्र.’ आणि परवान्याच्या अटीपाशी तर पेन्सिलची खूण होती! म्हणजे जिथे ‘नाकारण्यात येईल’ छापलंय तिथे सूट, आणि जिथे छापलेलं नाही तिथे आम्ही बाहेर. आमची खरी तक्रार ही होती.

या मुद्द्याचं मूळ आमच्याच धंद्यातलं निघालं, याचं मला फार अप्रूप वाटलं. 1977 साली मुंबईच्या विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला देण्यासाठी निविदा निघाली. अट होती किमान 5 वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाच्या हॉटेलचालकाची. काम मिळालं ते या अटीत न बसणाऱ्याला. रमण दयाराम शेट्टी खटल्यात 1979 साली न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं की सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिच्यावरही बंधनकारक असते, मनाला येईल तेव्हा ती सोडता येत नाही. तरीही याचिकाकर्त्याच्या हाती काही लागलं नाही. त्याने निविदाच भरली नव्हती, आला तोही उशिरा, आणि तोवर समोरच्याने काम सुरू करून खर्च केला होता. कॅन्टीन चालवणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल एकदा तरी वाचावा. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर असे निकाल फुकट मिळतात. अलीकडचा दाखला म्हणून मॅडमनी ऑक्टोबर 2024 चा बन्शीधर कन्स्ट्रक्शनचा निकाल जोडला होता. त्यात भारत कोकिंग कोल या सरकारी कोळसा कंपनीने एकाला कागदावरून बाद केलं आणि दुसऱ्याची तशीच उणीव पोटात घातली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द केली.

अभिप्रायात उशिरावर एक संपूर्ण परिच्छेद होता. कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, निघाला की चित्र पालटतं. 2022 च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालापासून तर पायाभूत कामांना स्थगिती देताना न्यायालयं फारच हात आखडता घेतात. चूक झालीच असेल तर काम थांबवण्यापेक्षा भरपाई द्या, असा त्या निकालाचा रोख आहे. म्हणून आधी निवेदन, तेही दराचे लखोटे उघडण्याआधी पोचेल असं. त्यात विनवणी नाही, ओरड नाही. अटीचा क्रमांक, तक्त्यातल्या दोन ओळी समोरासमोर, आणि ‘दोघांना एकच निकष लावून फेरछाननी करावी व कारणं लेखी द्यावीत’ एवढी मागणी. मी ते आवक शिक्का घेऊन दिलं आणि ई-मेलही केलं.

समितीने फेरछाननी केली. सुधारित तक्त्यात आम्ही पात्र होतो. दराचे लखोटे उघडले तेव्हा आमचा दर दुसऱ्या क्रमांकावर आला आणि काम दुसऱ्याला गेलं. हळहळ वाटली, पण आमचा लखोटा उघडला गेला, दराची तुलना झाली. त्यासाठी मी 15,000 पुन्हा देईन.

आता उणिवा. अभिप्राय इंग्रजीत आणि मराठी सारांश जेमतेम अर्धं पान. याचिका इंग्रजीत असते हे मला मान्य आहे, पण अभिप्राय मी वाचायचा असतो. निवेदनाचा मसुदा मात्र सुरेख मराठीत होता, म्हणजे येत नाही असं नाही. याचिकेच्या फीचा आकडा विचारूनही ‘बघू, किती तारखा लागतात त्यावर’ असंच उत्तर आलं. हे मला पटलं नाही. न्यायालयाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन लागत नाही. निविदेत एकेक दिवस मोलाचा असतो, निदान कनिष्ठ वकिलाचा नंबर तरी द्यावा.

आमच्या बाजूच्या लोकांना एक मोठी सोय झाली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर हे सहा जिल्हे त्याच्याकडे. पूर्वी अशा कामासाठी मुंबईचा वकील आणि मुंबईचा मुक्काम ठरलेला. आता असे सल्ले देणारे लोक कोल्हापुरात भेटू लागलेत.

कुणाकडेही जाल तर शुद्धिपत्रकांसकट निविदा संच, अपलोड केलेल्या कागदांच्या पावत्या, छाननी तक्त्याची प्रत आणि कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार तारीखवार लावून न्या. बाद झाल्याचा एसएमएस किंवा ई-मेल पुसू नका, मुदत तिथून मोजली जाते. ज्याला काम मिळालंय त्याला याचिकेत पक्षकार करावं लागतं, तेव्हा त्याचं नाव-पत्ता जवळ ठेवा. आणि कार्यादेश निघालेला असेल, तर फोनवर पहिल्याच वाक्यात ते सांगा.